दसऱ्याचा फोटो

छोट्या दुकानांतून आणि कार्यालयांतून मी कर्मचाऱ्यांसाठी अर्ध्या तासाचं एक बोलणं करते. संगणक आणि फोन वापरताना काय करू नये, एवढाच त्याचा विषय. कित्येक वर्षं त्याची सुरुवात मी एकाच प्रश्नाने करायचे. "तुमचा पासवर्ड तुमच्याशिवाय आणखी कुणाला माहीत आहे?" थोडी चुळबुळ व्हायची, मग मागून कुणीतरी म्हणायचं, "मॅडम, तुम्हाला." सगळे हसायचे. मीही हसायचे आणि म्हणायचे, "बरोबर. मी सोडून कुणाला सांगू नका."

हे वाक्य किती वाईट आहे ते कळायला एका बाईची नोकरी जावी लागली. या अंकाच्या संपादकांनी मला धंद्यातले गमतीचे अनुभव लिहायला सांगितले होते. तेही आहेत. ते आधी सांगून टाकते, म्हणजे मग मुद्द्याचं लिहिता येईल.

रत्नागिरीत माझं संगणकांच्या देखभालीचं काम आहे. मोठ्या कंपन्या माझ्याकडे येत नाहीत आणि मी त्यांच्याकडे जात नाही. माझी गिऱ्हाइकं म्हणजे आंबा-काजूवाले, दवाखाने, हार्डवेअरची दुकानं, एखादी पतपेढी. जिथे दोन नाहीतर तीन संगणक असतात आणि ते चालवणारं माणूस दुसरी चार कामं करता करता ते चालवत असतं. अशा ठिकाणी चोर कुलूप फोडून येत नाही. कुणीतरी दार उघडून 'या बसा' म्हणतं, तेव्हा येतो. आणि आमच्याकडे 'या बसा' म्हणायची सवय फार.

सावर्ड्याला एक झेरॉक्सवाले आहेत. त्यांचा पासवर्ड म्हणजे त्यांच्या कुत्र्याचं नाव आणि पुढे एक. कुत्रा दुकानाच्या पायरीवर झोपलेला असायचा आणि हे दिवसातून पन्नास वेळा त्याला नावाने हाका मारायचे. मी म्हटलं, अहो, तुम्ही पासवर्ड बाजारभर ओरडून सांगताय. ते म्हणाले, "पण पुढचा एक कुठं सांगतोय?" एका दवाखान्यात मी कंपाउंडरना बजावलं होतं की, संगणक उघडा टाकून जागेवरून उठायचं नाही. पुढच्या खेपेला गेले तर पडद्यावर रुग्णाची सगळी माहिती तशीच झळकत होती आणि वरून प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं होतं. "झाकून ठेवलाय, मॅडम." हर्णैला सुक्या मासळीचे एक व्यापारी आहेत. त्यांचा फोन घरी बायकोकडे आणि ते स्वतः बंदरावर. कसलाही व्यवहार करायचा झाला की फोनवर येणारा सहा आकडी नंबर वहिनी घराच्या पडवीतून ओरडून सांगायच्या, मधल्या होडीवरचा माणूस तो पुढे ओरडायचा आणि लिलावाच्या गलक्यात तो यांच्यापर्यंत पोहोचायचा. मी हात जोडले. ते म्हणाले, "इथं कोण आपलं वाईट करणाराय?"

हे किस्से मी बोलण्यात रंगवून सांगायचे. लोक हसत, स्वतःला त्या झेरॉक्सवाल्यापेक्षा शहाणे समजत आणि चहा पिऊन उठत. मी मात्र स्वतःला त्या सगळ्यांपेक्षा शहाणी समजत होते.

आता माझी स्वतःची पद्धत सांगते. माझी आई आमच्या वाडीतल्या बंद घरांच्या किल्ल्या सांभाळायची. माणसं मुंबईला, घरं बंद. कुणाच्या घरात पावसाचं पाणी शिरतंय का, कुणाची तुळस जगली आहे का, ते ती बघायची. किल्ल्या आमच्या माजघरात खिळ्यांना ओळीने टांगलेल्या असत. आईला त्याचा अभिमान होता. लोकांनी विश्वासाने दिलेली वस्तू घरात असण्याचा एक डौल असतो. मला तो धंद्यातही हवासा वाटला असणार.

दूर बसून दुसऱ्याचा संगणक चालवता येतो, असं एक सॉफ्टवेअर असतं. समोरच्या यंत्राला एक नंबर असतो आणि एक पासवर्ड. ते दोन्ही ज्याच्याकडे आहेत तो कुठेही बसून त्या संगणकावरचा बाण हलवू शकतो, फाइल उघडू शकतो, पुसू शकतो. समोर बसल्यासारखं सगळं. जुलैत घाटात दरड आलेली असताना सावर्ड्याचा प्रिंटर चालेना झाला की हे सॉफ्टवेअर देवासारखं वाटतं. मी ते सगळ्या गिऱ्हाइकांकडे बसवलं. सगळीकडे पासवर्ड एकच ठेवला, माझ्या लक्षात राहावा म्हणून. आणि प्रत्येक पडद्याच्या खालच्या कडेला एक स्टिकर लावला. वर माझ्या फर्मचं नाव, खाली माझा फोन, त्याखाली त्या यंत्राचा नंबर आणि तो पासवर्ड. फोनवरून 'बाई, नंबर वाचून दाखवा' म्हणायला सोपं पडतं. आईच्या किल्ल्या निदान आमच्या माजघरात होत्या. मी प्रत्येकाची किल्ली त्याच्याच दाराला टांगली, आणि तीही सगळ्या दारांना चालणारी.

नानांचा आंब्याचा व्यवसाय आहे. मालगुंडच्या रस्त्याला बागा, तिथेच पॅकिंगची शेड आणि शेडच्या कोपऱ्यात काचेची एक खोली, ते ऑफिस. नाना सत्तरीचे, बोलायला तिरकस, व्यवहाराला सरळ. त्यांची गिऱ्हाइकं मुंबई-पुण्याची, पिढ्यान् पिढ्यांची. ती सांभाळायचं काम सुनंदाकडे होतं. पालीच्या पुढे आतल्या गावातली, नवरा मुंबईला. दहावीनंतर संगणकाचा एक कोर्स केलेली. नानांकडे लागली तेव्हा गिऱ्हाइकांची नावं वह्यांत होती. सुनंदाने ती संगणकावर चढवली आणि प्रत्येक नावापुढे एक रकाना वाढवला. तो मी पाहिलेला आहे. 'यांना कच्चा लागतो, मुलगी परदेशी नेते.' 'पेटी वॉचमनकडे ठेवायची नाही, मागच्या वेळी उघडली होती.' 'काका वारले. वहिनींना आपण फोन करायचा नाही, त्या करतील.' अशी यादी कुठलंही सॉफ्टवेअर बनवून देत नाही. नाना गमतीने म्हणायचे, बाग माझी आहे, पण गिऱ्हाईक सुनंदाचं.

गेल्याच्या गेल्या वर्षी पाडवा झाला, पेट्या भरायला सुरुवात झाली आणि एका दुपारी ऑफिसच्या संगणकावर कायम उघडं असलेल्या नानांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून सगळ्या गिऱ्हाइकांना एक फाइल गेली. नाव होतं 'यंदाचे आंबा दर'. नानांकडून आलेली म्हणजे लोक उघडणारच. ज्यांनी उघडली त्यांच्या फोनवरून ती पुढे त्यांच्या नातेवाइकांना गेली. तासाभरात तक्रारी होऊन नानांचा नंबर बंद पडला. आणि संगणकावरची यादी पुसली गेलेली होती. उचलून नेली होती की नुसती पुसली, ते आजही माहीत नाही.

सुनंदा चार दिवस खुर्चीतून उठली नाही. आठवतील ती नावं, जुन्या वह्यांत सापडतील ते फोन नंबर, आणि प्रत्येकाला एकच बोलणं. आमच्याकडून आलेली फाइल उघडू नका, उघडली असेल तर अमुक करा, चूक झाली, माफ करा. काय करायचं ते तिला माझ्या बोलण्यातून पाठ होतं.

नानांनी मला पहिल्याच दिवशी बोलावलं होतं. मी गेले, यंत्र तपासलं, नवीन पासवर्ड टाकला, पोलिसांकडे द्यायचा अर्ज लिहून दिला. मग सगळ्यांना काचेच्या खोलीत उभं केलं आणि विचारलं की गेल्या काही महिन्यांत कुणी फोनवर आलेलं काही अनोळखी उघडलं आहे का. पॅकिंगचे दोन गडी, नाना, सुनंदा. गडी मान हलवून मोकळे झाले. सुनंदाने हात वर केला. जानेवारीत तिच्या फोनवर एक लग्नपत्रिका आली होती. नंबर ओळखीचा नव्हता, पण आमच्याकडे ओळखीचे नंबर दर सहा महिन्यांनी बदलतात. तिने उघडली. आत पत्रिका नव्हतीच काही. तिने फोन बंद करून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दुकानात नेऊन साफ करून घेतला.

माझ्या बोलण्यात एक वाक्य आहे. चूक झाली तर लपवू नका, लगेच सांगा, कुणी रागावणार नाही. तिने ते खरं मानलं होतं.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बहुधा तिथूनच आलं असणार."

या वाक्याबद्दल मी स्वतःला बरंच समजावून पाहिलं आहे. 'बहुधा' म्हटलं होतं, 'नक्की' म्हटलं नव्हतं, वगैरे. पण नोकरीवरून काढायला 'बहुधा' पुरतं. आणि खरी गोष्ट अशी की त्या सॉफ्टवेअरमध्ये एक नोंद असते. कोण कधी आत आलं ते त्यात लिहिलेलं असतं. ती पाहायला दहा मिनिटं लागतात. माझ्या धंद्यातलं ते पहिलं काम. मी ते केलं नाही, कारण समोर एक माणूस कबुली देत होतं आणि कबुली मिळाली की तपास थांबतो. पाचव्या दिवशी नानांनी सुनंदाला सांगितलं की आता हंगामभर घरीच राहा, पुढचं पुढे बघू. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला, तिलाही.

दोन आठवड्यांनी नानांच्या संगणकावर दुसरंच काही करताना ती नोंद माझ्यासमोर आली. त्या दिवशी, दुपारी जेवणाच्या वेळी, बाहेरचं कुणीतरी माझ्याच सॉफ्टवेअरमधून, माझ्याच पासवर्डने आत आलेलं होतं. सुनंदाच्या फोनचा आणि त्या संगणकाचा काही संबंध नव्हता. कुणीतरी नंबर आणि पासवर्ड वाचून आत शिरलं होतं. कुठे वाचला?

घरी येऊन मी माझ्या फर्मचं फेसबुकचं पान उघडलं. दसऱ्याला सगळीकडे यंत्रांची पूजा असते. मी दरवर्षी गिऱ्हाइकांकडे पेढे घेऊन जाते, पूजा मांडलेल्या संगणकांचे फोटो काढते आणि पानावर टाकते. जाहिरातीची जाहिरात आणि शुभेच्छांच्या शुभेच्छा. नानांच्या संगणकाचा फोटो त्यात पहिला होता. छान आला होता. पडद्याला कुंकवाचं बोट, कीबोर्डवर आपट्याची पानं, बाजूला भाताच्या लोंब्या आणि झेंडूचा हार. आणि मधोमध माझा स्टिकर. बोटांनी फोटो मोठा केला तर प्रत्येक आकडा वाचता येत होता. मजकुरात मी लिहिलं होतं, आमच्या सुरक्षित ग्राहकांना दसऱ्याच्या शुभेच्छा.

तो फोटो सहा महिने तिथे होता.

मी तो काढला. पुढचे तीन दिवस गाडी घेऊन प्रत्येक गिऱ्हाइकाकडे गेले, पासवर्ड बदलले, स्टिकर खरवडले. प्रत्येकाला सांगितलं, काही नाही, नेहमीची देखभाल. एकाने चहा पाजून म्हटलं, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आम्ही निर्धास्त." मी चहा प्यायले. नानांना काही सांगितलं नाही. हंगाम ऐन भरात आहे, आता डोकं खायला नको, असं कारण मी स्वतःला दिलं. हंगाम संपला तेव्हा दुसरं कारण सापडलं.

जूनमध्ये एका डॉक्टरांचा फोन आला. त्यांची रक्त-लघवी तपासणीची लॅब आहे, माझंच गिऱ्हाईक. काउंटरवर बाई हवी होती आणि सुनंदाने अर्ज केला होता. डॉक्टरांनी सरळ विचारलं, "नानांकडे होती ती. संगणक येतो म्हणते. तिथे काहीतरी झालं होतं ना? तुम्हाला माहीत असेल. ठेवू का?"

मला सगळं माहीत होतं. मी म्हटलं, "तुम्ही बघा."

ज्या बाईबद्दल काही बोलायचं नाही तिच्याबद्दल 'तुम्ही बघा' असं म्हणतात. त्याचा अर्थ रत्नागिरीत लहान पोरालाही कळतो. डॉक्टर म्हणाले, बरं, आणि दुसरी बाई ठेवली. धंद्यात चुका होतात. फोटोची चूक मूर्खपणाची होती, नोंद न पाहण्याची आळसाची. पण हे दोन शब्द मी पूर्ण शुद्धीत, खुर्चीत बसून, विचार करून उच्चारले. या लेखात सगळ्यांत लाज वाटण्यासारखं काय असेल तर ते हे.

श्रावणात एका काजूच्या कारखान्यात प्रिंटर बघायला गेले. आत बायका ओळीने काजू फोडायला बसल्या होत्या. काजूच्या टरफलाचा चीक कातडी जाळतो, म्हणून हाताला तेल लावून बसतात, तरी बोटं काळी पडतातच. तिसऱ्या ओळीत सुनंदा होती. तिनेच मला आधी पाहिलं आणि हाक मारली. बऱ्या आहात ना, म्हणाली. मी विचारलं, इथे कधीपासून. म्हणाली, आषाढापासून. मग स्वतःहून सांगायला लागली, हसत हसत. की तिने आता बटणाचा फोन घेतलाय. त्याआधी जावेच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका फोनवर आली होती, ती तिने भीतीने उघडलीच नाही. तारीख कळली नाही, लग्नाला जायचं राहिलं. जाऊ अजून बोलत नाही. शेजारच्या बायका हसल्या. त्यांना हा किस्सा पाठ असावा.

मग हसणं थांबवून ती खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, तुम्ही बोल्लेलात ना, चूक झाली तर सांगायची. मी सांगितलं. नसतं सांगितलं तर कळलं नसतं काय वो कुणाला?"

तिला खरंच उत्तर हवं होतं. मी म्हटलं, प्रिंटर बघून येते. प्रिंटर बघितला आणि मागच्या दाराने गाडीपाशी गेले.

पुढे गणपती आले. गणपतीत कुठे विषय काढायचा, हे तिसरं कारण. गौरी-गणपती गेले तेव्हा कारणं संपली होती. मी नानांकडे गेले. ते बागेत कलमांखालचं रान काढून घेत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो पाहिला.

"म्हणजे किल्ली तुम्ही दिलीत."

"हो."

"मी गिऱ्हाइकांना सांगून बसलोय की आमच्या बाईच्या चुकीने झालं. आता काय सांगू? आमच्या तज्ज्ञ बाईंच्या?"

नानांनी गड्याला पुढच्या कलमाकडे धाडलं. मग त्यांचा सूर बदलला. झालं ते झालं, म्हणाले. तिच्या जागी माणूस ठेवलाय, ती कुठेतरी लागलीय असं ऐकतो. "उगाच वाच्यता करू नका, विद्याताई. तुमचं नाव आहे गावात."

ते मला वाचवत होते. जुन्या ओळखीचं माणूस दुसऱ्या जुन्या ओळखीच्या माणसाला वाचवतं तसं, सहज. आणि मी बागेच्या फाटकापर्यंत वाचलेली होते. गाडी सुरू केली तेव्हा लक्षात आलं की माझं नाव राखायची किंमत म्हणून जे नाव जात होतं, ते आम्हा दोघांच्याही बोलण्यात एकदासुद्धा आलं नव्हतं. आम्ही दोघं 'ती' म्हणत होतो.

तशीच पालीच्या पुढे गेले. सुनंदाचं घर विचारत विचारत सापडलं. रविवार होता, ती घरी होती. तिने खुर्ची दिली, कोरा चहा आणला आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. मी क्रमाने सांगितलं. नोंद, पासवर्ड, फोटो. माझा फोन तिच्या हातात दिला. तिने काळ्या पडलेल्या बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ पाहिला. मला वाटलं आकडे वाचते आहे.

"हार मी इथं नव्हता घातला," ती म्हणाली. "वर घातलेला, या कागदावर. तुम्ही सरकवलात."

मला आठवेना. मग आठवलं. फोटो काढताना मी म्हटलं होतं, अगं, आमचं नाव झाकलं की. आणि स्वतःच्या हाताने हार बाजूला केला होता.

"मी मुद्दाम घातलेला तिथं," ती म्हणाली. "सगळे फोटो काढतात म्हणून. तुम्हीच बोल्लेलात, नंबर कुणाला दिसता नये."

सुनंदाने फोन परत दिला. विचारलं, "तुम्हाला कधी कळलं हे?"

"एप्रिलात."

तिने मनात महिने मोजले असावेत. "डॉक्टरांनी फोन केलेला तुम्हाला? लॅबवाल्या?"

"केला होता."

"काय सांगितलंत?"

मी सांगितलं. दोन्ही शब्द, जसेच्या तसे. तिने कप उचलले, आत नेऊन ठेवले आणि परत येऊन बसली नाही, दाराला टेकून उभी राहिली. मी म्हटलं, माझ्याकडे ये कामाला, उद्यापासून. ती म्हणाली, "तुमच्याकडे नको." राग नव्हता त्यात. एखादी वस्तू पारखून परत ठेवावी तसं बोलली. मग म्हणाली, "मला विचारलंत ते सगळ्यांसमोर. आता सांगायचं पण तिथंच, सगळ्यांसमोर. आणि नाव घेऊन. माझं नाव गेलं तेव्हा घेऊनच गेलंय."

दसऱ्याला तीन आठवडे होते. मी नानांना फोन करून कळवलं की पूजेला येते आहे आणि काय बोलणार आहे. ते म्हणाले, "तुम्ही ऐकायच्या नाही, म्हणजे." पण या नका, असं म्हणाले नाहीत.

काचेच्या खोलीत तीच माणसं होती, शिवाय सुनंदाच्या जागी आलेला नवा माणूस. सुनंदा एसटीने आली आणि दारात उभी राहिली, आत आली नाही. मी बोलले. दोन मिनिटं लागली. इतक्या महिन्यांत जे जमलं नाही त्याला दोन मिनिटं लागतात, हे त्या दिवशी कळलं. मी हेही सांगितलं की सुनंदा शिगवण हिने त्या स्टिकरवर हार घातला होता आणि तो मी काढला. पॅकिंगचा म्हातारा गडी म्हणाला, "आम्हाला ठाऊक हुतं, ती असं करणार नाय." ते त्याने पाडव्याला म्हटलं असतं तर बरं झालं असतं, पण मी कोण बोलणारी. नानांनी आपट्याची पानं सुनंदापुढे धरली. म्हणाले, सोनं घे, आणि हंगामाला ये. तिने पानं घेतली. आमच्याकडे सोनं घेताना मोठ्यांच्या पाया पडतात. ती पडली नाही. "बघू," म्हणाली आणि साडेबाराची गाडी पकडायला निघाली. हंगामाला ती गेली नाही.

डॉक्टरांना मी त्याच दिवशी फोन केला आणि जूनमध्ये काय सांगायला हवं होतं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आता जागा भरली. पौषात ती जागा पुन्हा रिकामी झाली. सुनंदाने पुन्हा अर्ज केला आणि आता ती तिथे आहे. त्यात माझा हात नाही, तसा कुणी समज करून घेऊ नये. हे लिहायच्या आधी तिला विचारलं. ती म्हणाली, लिहा, पण नाव बदलू नका.

माझ्या दोन गिऱ्हाइकांनी ही हकीकत कळल्यावर माझं काम बंद केलं. बरोबर केलं. जे राहिले त्यांच्याकडे आता प्रत्येक यंत्राचा पासवर्ड वेगळा आहे आणि तो मला माहीत नाही. मला आत यायचं असेल तर समोरच्या माणसाला 'येऊ दे' असं बटण दाबावं लागतं. दाबणारा कंटाळतो, मला फोनवर थांबावं लागतं, पावसात कधी कधी दोन तास जातात. जाऊ देत. स्टिकरवर फक्त फोन नंबर आहे. आईच्या किल्ल्यांचा डौल मी सोडून दिला.

अर्ध्या तासाचं बोलणं अजून करते. झेरॉक्सवाल्याचा कुत्रा आणि कंपाउंडरचं कव्हर आता त्यात नाहीत. 'चूक झाली तर लगेच सांगा' हे वाक्य ठेवलं आहे, पण ते मी आता मालकाला समोर बसवूनच म्हणते, आणि पुढे त्याच्याकडून वदवून घेते की सांगणाऱ्याला काढणार नाही. नाही म्हणाला तर पुढचं बोलतच नाही. सुरुवातीला तो फोटो पडद्यावर लावते, आकडे आता बदललेले आहेत. विचारते, यात काय चुकलंय? लोक बघतात. कुणी म्हणतं कीबोर्डवर पानं नको होती, कुणी म्हणतं कुंकू पडद्याला लावू नये. शेवटी कुणाची तरी नजर स्टिकरवर जाते आणि ते म्हणतं, अरेच्चा, हा नंबर लावणारी कोण एवढी हुशार?

मी, असं सांगते. आणि हार सुनंदा शिगवण यांनी बरोबर जागी घातला होता, तो मी सरकवला.